लाहोर ते पालघर : दुखावलेल्या भावनांच्या कायद्याची गोष्ट

१८ नोव्हेंबर २०१२, रविवार. आदल्या दिवशी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले होते. शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कारासाठी लाखोंचा जनसमुदाय जमला होता. मुंबई आणि आसपासची शहरे बंद होती. त्या दिवशी पालघरमधल्या एकवीस वर्षांच्या एका मुलीने फेसबुकवर चार वाक्ये लिहिली. माणसे रोज जन्मतात, रोज मरतात. मग एवढा बंद कशासाठी, आणि हा बंद आदरापोटी आहे की धाकापोटी, असा त्याचा आशय होता. तिच्या एका मैत्रिणीने ती पोस्ट ‘लाइक’ केली.

त्यानंतरचे सर्वांना ठाऊक आहे, तरी नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तिने पोस्ट काढून टाकली, माफी मागितली. तरीही जमावाने तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली. दुसऱ्या दिवशी, १९ नोव्हेंबरला, दोघी मुलींना अटक झाली. लिहिणारी मुसलमान होती, लाइक करणारी हिंदू. न्यायदंडाधिकाऱ्यांनी पंधरा-पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर त्यांना सोडले. देशभर गदारोळ झाला. प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष न्या. मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना पत्र लिहिले. दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, न्यायदंडाधिकाऱ्यांची बदली झाली. त्या निलंबनाच्या निषेधार्थ २८ नोव्हेंबरला पुन्हा पालघर बंद झाले. बंदवर प्रश्न विचारला म्हणून सुरू झालेले प्रकरण आणखी एका बंदपर्यंत पोहोचले! पुढे गुन्हा टिकला नाही, पोलिसांनीच तपास बंद केल्याचा अहवाल न्यायालयाला दिला.

पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला तालुका होता. जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. वसईहून गाडीने तासाभराच्या आत पोहोचता येते. मी तेव्हा नुकतीच तिशी ओलांडलेली शिक्षिका होते. त्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये कुणी काही बोलत नव्हते, पण घराघरांत एकच सूचना दिली जात होती : “मोबाइलवर काही लिहू नकोस.” मुलींना जरा जास्तच. माझ्या ओळखीच्या एका घरात तर कॉलेजला जाणाऱ्या मुलीचे फेसबुक खाते वडिलांनी स्वतः बसून बंद करवले. ते म्हणाले, “बेटा, आपल्याला परवडणारं नाही.” हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. लिहिण्याची किंमत सगळ्यांसाठी सारखी नसते, हे त्या बापाला कुठल्याही वकिलापेक्षा नीट कळले होते.

पण आज मला एका वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. पोलिसांनी या मुलींवर सुरुवातीला लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ होते आणि भारतीय दंड विधानाचे २९५ अ होते, म्हणजे धार्मिक भावना दुखावल्याचे. (नंतर २९५ अ काढून ५०५ (२) लावले गेले.) एका राजकीय नेत्याच्या निधनानंतरच्या बंदवर टिप्पणी, आणि कलम धार्मिक भावनांचे! हे कलम आले कुठून? याचे उत्तर आपल्यापैकी अनेकांना अवघड वाटेल, कारण ते आपल्याच इतिहासात आहे.

आधी टिळक आणि हसरत

लिहिण्या-बोलण्याबद्दल शिक्षा देणारी आपली जुनी कलमे इंग्रजांची. राजद्रोहाचे १२४ अ आले १८७० मध्ये. त्याखाली १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर खटला चालला आणि लगेच १८९८ मध्ये ते कलम आणखी रुंद करण्यात आले. त्याच वर्षी गटागटांत शत्रुत्व वाढवण्याबद्दलचे १५३ अ जन्माला आले.

१९०८ मध्ये ‘केसरी’तील लेखांसाठी टिळकांवर दुसरा खटला झाला. भाषेच्या शिक्षिकेला या खटल्यातली एक गोष्ट विसरता येत नाही. लेख मराठीत होते आणि ज्युरीत बहुसंख्य युरोपीय होते. मराठी न जाणणारे लोक इंग्रजी भाषांतर वाचून मराठी शब्दांचा हेतू ठरवत होते. भाषांतर विपर्यस्त आहे हे टिळक शब्द घेऊन घेऊन सांगत राहिले. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि २२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ती त्यांनी मंडालेत भोगली.

त्याच वर्षी अलीगढला मौलाना हसरत मोहानी यांच्यावरही राजद्रोहाचा खटला झाला. त्यांच्या ‘उर्दू-ए-मुअल्ला’ मासिकात इजिप्तमधील इंग्रजी धोरणावर टीका करणारा, लेखकाचे नाव नसलेला एक लेख छापून आला होता. सरकारला लेखकाचे नाव हवे होते. हसरत यांनी ते सांगितले नाही. जबाबदारी स्वतःवर घेतली आणि तुरुंगात जाऊन जाते ओढले. आज ज्याला आपण खासगीपणाचा हक्क म्हणतो, त्याचे हे शंभर वर्षांहून जुने उदाहरण आहे. कोणी लिहिले हे सत्तेला सांगण्यास एका संपादकाने नकार दिला होता. टिळकांना आपला आदर्श मानणारा हा उर्दू शायर मराठी शाळांच्या पुस्तकांत फारसा भेटत नाही, आणि उर्दू शाळांतल्या मुलांना टिळकांच्या खटल्यातला भाषेचा मुद्दा कुणी सांगत नाही. मी दोन्ही भाषा शिकवते, म्हणून दोन्हीकडे सांगते.

१९१६ मध्ये टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचे प्रकरण आले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू बॅ. जिनांनी मांडली आणि टिळक सुटले. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

१९२७ : आपण मागितलेला कायदा

१९२४ मध्ये लाहोरला पैगंबर साहेबांच्या (स.) खासगी आयुष्यावर चिखलफेक करणारी एक पुस्तिका निघाली. लेखकाचे नाव नव्हते; प्रकाशक होते राजपाल. मुसलमान संतापले, आणि तो संताप स्वाभाविक होता. १५३ अ खाली खटला झाला, खालच्या न्यायालयात शिक्षाही झाली. पण मे १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाचे न्या. दलीप सिंग यांनी प्रकाशकाला सोडले. लिखाण निंद्य आहे, पण दिवंगत धर्मसंस्थापकावरील टीका १५३ अ मध्ये बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

मग मोठे आंदोलन उभे राहिले. नवा कायदा हवा ही मागणी प्रामुख्याने मुसलमानांची होती. त्याच वर्षी केंद्रीय कायदेमंडळात २९५ अ मंजूर झाले. या चर्चेत जिनांनी विधेयकाला पाठिंबा दिला, पण एक सावधगिरीही सुचवली. जो प्रामाणिकपणे इतिहास लिहितो, धर्माची प्रामाणिक चिकित्सा करतो, त्याला या कलमातून संरक्षण मिळाले पाहिजे, असे ते म्हणाले. ‘जाणीवपूर्वक आणि द्वेषबुद्धीने’ हे शब्द कलमात आहेत ते याच चिंतेतून.

या कायद्याने काय साधले? एप्रिल १९२९ मध्ये, म्हणजे कायदा झाल्यावर दोन वर्षांच्या आत, राजपाल यांचा लाहोरमध्ये खून झाला. मारणारा इल्मुद्दीन हा तरुण ऑक्टोबरअखेर फासावर गेला. ज्या कायद्याने रक्तपात थांबायचा होता, त्याने तो थांबवला नाही. कलम मात्र राहिले. इंग्रज गेले, लाहोर परदेशात गेले, आणि ८५ वर्षांनी तेच कलम पालघरच्या एका मुसलमान मुलीच्या नावापुढे लिहिले गेले. द्वेषबुद्धीची अट तिच्या चार वाक्यांत कुठे होती, हे ठाणे अंमलदाराने पाहिलेच नाही.

पैगंबर साहेबांच्या (स.) अवमानाचे दुःख खोटे होते असे मी म्हणत नाही. ते दुःख माझेही आहे. माझे म्हणणे एवढेच की दुःख शमवण्यासाठी आपण जे हत्यार घडवून घेतले, त्याची मूठ कधीच आपल्या हातात नव्हती. ती नेहमी ज्याची गर्दी मोठी त्याच्या हातात जाते.

मुंब्रा, जानेवारी २०१५

पालघरच्या वेळी आपण सगळे अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या बाजूने होतो. तेव्हा पीडित आपली होती. सव्वादोन वर्षांनी परीक्षा उलट बाजूने आली.

पॅरिसमध्ये ‘शार्ली एब्दो’वर हल्ला झाल्यानंतर ‘अवधनामा’ या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीने त्या साप्ताहिकाचे मुखपृष्ठ बातमीसोबत छापले. संपादक होत्या शिरीन दळवी. लगेच त्यांनी माफीनामाही छापला. तरी ठिकठिकाणी त्यांच्याविरुद्ध तक्रारी दाखल झाल्या, आणि त्या करणारे आपलेच लोक होते. मुंब्रा पोलिसांनी त्यांना अटक केली. कलम तेच, २९५ अ. जामीन मिळाला, पण धमक्यांमुळे त्यांना घर सोडून राहावे लागले. आवृत्ती बंद पडली आणि तिथे काम करणाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. उर्दू वृत्तपत्रात संपादकपदावर पोहोचलेल्या मोजक्या स्त्रियांपैकी एक आपण अशी घालवली.

पालघरची मुलगी आणि मुंब्र्यात अटक झालेली संपादक, दोघींनी माफी मागितली होती आणि दोघींची माफी जमावाला पुरली नाही. पहिलीच्या वेळी बोललेले किती जण दुसरीच्या वेळी बोलले, हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारते. मी त्या वेळी गप्प होते, हे इथे कबूल करते.

६६ अ गेले, तरी गेले नाही

आता इंटरनेटच्या कलमाकडे वळू. ६६ अ ची मुळे इंग्लंडमध्ये सापडतात. १९३५ च्या तिथल्या टपाल कायद्याने टेलिफोनवरून अत्यंत आक्षेपार्ह, अश्लील किंवा धमकीवजा संदेश देणे गुन्हा ठरवले होते. एका माणसाने दुसऱ्याला केलेल्या फोनसाठी बनलेली ही शब्दरचना पुढे इंटरनेटला, म्हणजे चावडीवरच्या बोलण्याला, चिकटवली गेली. भारतात २६/११ च्या हल्ल्यानंतर महिन्याभरातच, डिसेंबर २००८ मध्ये, संसदेने फारशी चर्चा न करता दुरुस्ती मंजूर केली. २७ ऑक्टोबर २००९ पासून ती लागू झाली. ‘त्रास’, ‘गैरसोय’, ‘अत्यंत आक्षेपार्ह’ अशा शब्दांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद! २०१२ मध्येच कोलकात्यात एका व्यंगचित्राच्या ई-मेलवरून प्राध्यापक अंबिकेश महापात्रा आणि मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना अटक झाली होती. पालघर ही त्या मालिकेतली पुढची कडी.

पालघरच्या बातमीने अस्वस्थ होऊन श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने ६६ अ पूर्णपणे रद्द केले. निकालाचा गाभा सोपा आहे, मी तो नववीच्या मुलांना सांगते. चर्चा करणे, एखाद्या मताचा हिरिरीने पुरस्कार करणे आणि चिथावणी देणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना हात लावता येत नाही. कायदा येतो तो चिथावणीच्या पायरीवर. कायदा समंजसपणे वापरू, असे सरकारने सांगितले होते. न्यायालयाने ते मानले नाही. सरकारे येतात-जातात, कलम मात्र राहते, असे त्यावर उत्तर होते. १९२७ चा अनुभव दुसरे काय सांगतो?

त्याच निकालाने वेबसाइट रोखण्याचे ६९ अ कायम ठेवले, हेही नोंदवले पाहिजे. आणि रद्द झालेले ६६ अ पोलीस ठाण्यांत जिवंतच राहिले. २०२१ मध्ये पीयूसीएल या संस्थेने सर्वोच्च न्यायालयापुढे आकडे ठेवले. निकालानंतरही देशात या कलमाखाली १,३०७ गुन्हे नोंदले गेले होते आणि त्यांत सर्वाधिक, ३८१, महाराष्ट्रात. न्यायालयाने धक्का बसल्याचे सांगितले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाने या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये असा स्पष्ट आदेश दिला. मेलेल्या कलमाला पुरायला साडेसात वर्षे लागली.

“मग अफवांचे काय?”

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. शब्दांनी माणसे मरतात, हे आपल्या भागाला सांगायला नको. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. व्हॉट्सॲपवर तशा अफवा फिरत होत्या. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, लॉकडाऊनमध्ये, आमच्याच पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा चालक यांची हत्या झाली. तिथेही चोर येतात, अवयव काढून नेतात अशा अफवा पसरल्या होत्या. हत्येनंतर दुसरी अफवा निघाली की मारणारे मुसलमान होते. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करावी लागली. त्यात एकही मुसलमान नव्हता.

तेव्हा नियमन नको असे मी म्हणत नाही. पण कोणत्या उपायाने काय थांबते ते पाहा. राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्याने कुणाचे मत दाबले नाही, फक्त अफवेचा वेग कमी केला. गावात वेळेवर पोहोचलेला पोलीस, अफवा खोटी असल्याचे लगेच सांगणारा तहसीलदार, खून आणि दंगलीची जुनीच कलमे, हे सगळे उपयोगाचे. ६६ अ मात्र पालघरमध्ये चार वाक्ये लिहिणाऱ्या मुलीला लागले, दवाखाना फोडण्याची हाक देणाऱ्यांना नाही. संदिग्ध कायदा नेहमी एकट्याला पकडतो, कारण गर्दीपेक्षा एकट्याला पकडणे सोपे असते.

कोल्हापूर आणि नागपूर

शेवटचे प्रकरण एका शिक्षकाचे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजमधील काश्मिरी प्राध्यापकाने ऑगस्ट २०२२ मध्ये व्हॉट्सॲप स्टेटस ठेवले. ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस, आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. हातकणंगले पोलिसांनी १५३ अ खाली गुन्हा नोंदवला. उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी तो रद्द केला. कलम ३७० हटवण्यावर टीका करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, आणि दुसऱ्या देशाच्या नागरिकांना त्यांच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणे गुन्हा नाही, असे त्यांनी सांगितले. अभिव्यक्ती स्वातंत्र्य म्हणजे काय हे पोलिसांना शिकवण्याची वेळ आली आहे, असेही म्हटले.

त्या निकालात न्यायालयाने जी कसोटी वापरली ती महाराष्ट्राच्या मातीतली आहे. १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे न्या. व्हिव्हियन बोस यांनी म्हटले होते की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या नजरेने मोजायचा; ज्याला प्रत्येक विरुद्ध मतात धोका दिसतो अशा डळमळीत मनाच्या माणसाच्या नजरेने नव्हे. मला वाटते, ही कसोटी न्यायालयापुरती ठेवण्याचे कारण नाही. मोहल्ल्यानेही ती घ्यावी.

जुनी कलमे आता नव्या क्रमांकांनी आली आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २९५ अ चे २९९ झाले, १५३ अ चे १९६. दुसरीकडे, सरकारविषयीची माहिती खोटी आहे का हे सरकारच्याच कक्षाने ठरवण्याचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. म्हणजे रस्सीखेच चालू आहे.

आणि खासगीपणा? २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने तो मूलभूत हक्क ठरवला. पण आमच्या भागातल्या आया मला विचारतात, “मॅडम, मुलाच्या मोबाइलमधलं सगळं पुसून टाकू का?” ज्याला सतत वाटते की कुणीतरी आपला मोबाइल उघडून बघेल, तो लिहीत नाही, मग हळूहळू विचारही करेनासा होतो. सूरह हुजुरातमध्ये दोन शिकवणी जवळजवळ आहेत : बातमी आली तर आधी खातरजमा करा, आणि एकमेकांची टेहळणी करू नका. पहिली शिकवण अफवेवरचा उपाय आहे, दुसरी खासगीपणाचा. दोन्ही एकाच सूरहमध्ये आहेत, हे आपल्या फॉरवर्ड करणाऱ्या भावाबहिणींनी लक्षात घ्यावे.

मी मुलांना मोबाइल पुसायला सांगत नाही. पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारायला सांगते. हे खरे आहे का, मला कसे कळले, यात कुणाला मारायला सांगितले आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल आणि तरी राग येत असेल, तर तो राग आपला आहे. त्याला उत्तर लिहावे, पोलीस ठाण्याची पायरी चढू नये. कारण आज आपण ज्या कलमाखाली दुसऱ्याविरुद्ध तक्रार लिहितो, उद्या त्याच कलमाखाली आपल्या मुलीचे नाव लिहिले जाऊ शकते. लाहोरमध्ये ज्यांनी कायदा मागितला त्यांना पालघर ठाऊक नव्हते. आपल्याला ठाऊक आहे.